खराब नाही, फक्त जुनं

परवा कामाच्या दिवशी, भर दुपारी, मी दिग्रसला गेलो होतो. बसस्टँडाच्या मागच्या गल्लीत जिथं आमची पावाची भट्टी होती, तिथं आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. काचेचं दार ढकललं की अंगावर गार हवा येते आणि तिच्यासोबत नव्या प्लास्टिकचा वास, त्यावर मारलेल्या गुलाबाच्या फवाऱ्याचा वास. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "काय दाखवू काका?" मी म्हटलं, "काही नाई भाऊ, ऊन लय होतं, म्हणून आलो आत." त्यानं खुर्ची सरकवली. तो उभा होता बरोबर तिथंच भट्टीचं तोंड होतं. त्याच्या पायाखाली, त्या गुळगुळीत फरशीच्या खाली, राख असणार.

बाहेर आलो आणि शेजारच्या घराच्या भिंतीकडे पाहिलं. आमच्या धुराड्याचा काळा पट्टा अजून तिथं आहे. चुना मारला तरी तो आतून वर येत असावा. हात लावून पाहिला. बोटाला काहीच लागलं नाही.

भट्टी माझ्या बाबांची. ते खेड्यातून दिग्रसला आले तेव्हा जिनिंगमध्ये गाठी उचलायचे, मग एका म्हाताऱ्या मुसलमान भट्टीवाल्याकडे कामाला लागले. त्या उस्तादाला मूलबाळ नव्हतं. जाताना तो भट्टी बाबांच्या हवाली करून गेला, आणि भट्टीसोबत नाकही देऊन गेला असं बाबा म्हणायचे. आमच्या वस्तीतला माणूस भट्टी चालवतो म्हणून काही घरं आमच्याकडे कधी आली नाहीत, ती मेनरोडच्या बेकरीत जायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, धुरानं तिचा रंग खजुरासारखा झालेला. रोज पहाटे पहिला पाव बाहेर निघाला की त्याची वाफ तसबिरीपर्यंत जायची आणि काच क्षणभर पुसट व्हायची.

भट्टी पेटवायला पऱ्हाटी लागायची. कापूस वेचून झाला की शेतात उरलेल्या त्या वाळक्या काड्या, बैलगाडीनं येऊन गल्लीत पडायच्या. पऱ्हाटी पेटली की तडतड आवाज करते आणि तिचा धूर कडवट गोड असतो. मग वर बाभळीची लाकडं. विटा तापून पांढऱ्या झाल्या की बाबा आतले निखारे ओढून काढायचे, ओल्या पोत्यानं आतली जमीन पुसायचे. तेव्हा जो चर्रर्र आवाज यायचा आणि जो वास यायचा, ओल्या तागाचा, तापलेल्या मातीचा, तो माझ्या लहानपणाचा वास आहे. त्यावर आंबलेल्या कणकेचा, खमिराचा. शाळेत माझ्या शर्टाला तो वास यायचा. बाकावर शेजारी बसणारा पोरगा माझी बाही हुंगायचा आणि म्हणायचा, "भूक लागली बे."

हंगामात जिनिंगचा कापूस हवेत उडायचा. बारीक तंतू. कणकेवर येऊन बसायचे. माझी आई दिवसभर परातीवर ओलं फडकं धरून बसलेली असायची.

आणि दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस. गावातल्या बायका डबे घेऊन यायच्या. घरचा रवा, घरचा मैदा, घरची पिठीसाखर, घरचं तूप. आम्ही फक्त मळून, भाजून द्यायचो. गल्लीत डब्यांची रांग लागायची, रांगेत बायका नाही, डबेच. बायका समोरच्या ओट्यावर बसून गप्पा मारायच्या आणि आपला डबा पुढं सरकला की हाका मारून एकमेकींना सांगायच्या. शंभर घरच्या नानकटाया एकाच भट्टीत जायच्या, म्हणून ओळखू याव्यात यासाठी प्रत्येक घराची खूण असायची. कुणाच्या नानकटाईवर चारोळी, कुणाच्यावर वेलदोड्याचा दाणा, कुणी बोटानं खळगा करायचं, कुणी काडेपेटीची कड दाबायचं. नळाजवळच्या कमलच्या घरची खूण म्हणजे खोबऱ्याचा पातळ काप. भाजल्यावर त्याच्या कडा तपकिरी व्हायच्या. कमल माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान होती. आईचा पदर धरून ओट्यावर बसायची आणि आपला ट्रे निघाला की सगळ्यांच्या आधी ओरडायची, "आमचे! आमचे निघाले!"

पिठात तूप घालण्याआधी बाबा प्रत्येक डब्यातला एक थेंब आपल्या हाताच्या मागच्या बाजूला लावायचे, चोळायचे आणि हुंगायचे. तेवढंच. चांगलं असलं की डबा पुढं. एखादीचं तूप खवट असलं की ते सगळ्यांसमोर काही म्हणायचे नाहीत. पाणी प्यायच्या निमित्तानं आत बोलवायचे आणि हळूच म्हणायचे, "ताई, हे दिव्याले ठेवा. याच्यात मी माह्याकडचं घालतो." त्या बाईच्या डोळ्यांत काय यायचं ते मी लहान असताना पाहिलं, पण मला तेव्हा ते कळलं नाही. मला वाटायचं, धूर गेला असेल.

मलाही त्यांनी तसंच शिकवलं. डोळे मिटायला लावायचे, नाकापुढं काहीतरी धरायचे. "सांग." मी सांगायचो. कालचं. परवाचं. ओल लागलेलं. उंदीर फिरलेलं. एकदा त्यांनी त्यांची स्वतःची बाही धरली. मी म्हटलं, "बाबा." ते हसले. दुसऱ्या दिवशीपर्यंत उरलेला पाव त्यांनी कधी विकला नाही. तो सकाळी गल्लीतल्या गाईंना जायचा. गाई आमच्या दारात वेळेवर येऊन उभ्या राहायच्या, पाहुण्यांसारख्या.

बाबा गेल्यावर वीस वर्षं भट्टी मी चालवली. मग काय काय झालं ते सांगत बसत नाही, सगळ्यांच्याच घरी ते झालं. टाळेबंदी आली आणि गेली, पण गेलेली गिऱ्हाइकं आली नाहीत. हॉटेलवाले मशीनचा पाव घ्यायला लागले, प्लास्टिकच्या पिशवीतला, चार दिवस मऊ राहणारा. त्या पावाला कसलाच वास नसतो. मी एकदा नाकाला लावून पाहिला. ओल्या कागदाला नाक लावल्यासारखं वाटलं. दिवाळीला डब्यांची रांग आखूड होत गेली, आणि एका वर्षी ओट्यावर फक्त तीन बायका होत्या. तिघी गप्प बसल्या होत्या. एवढ्याशा मालासाठी एवढी मोठी भट्टी तापवताना मला लाज वाटली.

माझी बायको सुषमा त्या काळात झोपायची नाही. दिवसासुद्धा नुसती पडून आढ्याकडे पाहायची. पोरीचं कॉलेज सुरू झालं होतं. सुषमाचा भाऊ दिनेश यवतमाळला एका मोठ्या व्यापाऱ्याकडे गाडी चालवायचा. बिस्किटं, साबण, चहा, तेल, सगळ्या कंपन्यांचा माल त्या व्यापाऱ्याच्या गोदामातून खेड्यापाड्यांत जायचा. दिनेश एकदा जेवायला आला आणि म्हणाला, "भाऊजी, मालकाले माणूस पाहिजे. गोदामावर. बिस्किटातलं समजणारा पाहिजे म्हणे."

"बिस्किटातलं कायले समजाले पाहिजे? पुडे तर मोजाचे," मी म्हटलं.

"मले काय माहीत. या तर खरं."

सुषमा पोळी वाढता वाढता थांबली. म्हणाली, "जा वो. निदान एक तारीख तरी ठरलेली असन महिन्यात."

शेवटच्या दिवशी मी काही खास केलं नाही. पाव काढले, वाटून टाकले, पुन्हा लाकूड घातलं नाही. पण भट्टी लगेच गार होत नाही. तीन दिवस तिच्या विटा कोमट होत्या. गल्लीतली एक करडी मांजर रोज तिच्या तोंडाशी येऊन झोपायची, ती तिन्ही दिवस आली. चौथ्या दिवशी आली, विटांना अंग लावलं, उठली आणि निघून गेली. त्या दिवशी मी कुलूप घातलं.

मालकानं मला मुलाखतीला बोलावलं ते एका गार खोलीत. गोरा, नीटनेटका माणूस, बोटं स्वच्छ, गोड बोलणारा. त्यानं टेबलावर दोन बशा ठेवल्या. दोन्हींत एकाच कंपनीची बिस्किटं. म्हणाला, "यातलं जुनं कोणतं?"

मी उचलून हुंगलं. आणि आता सांगतानाही अंगावर शहारा येतो, मला आनंद झाला. कुणीतरी इतक्या दिवसांनी मला येतं ते विचारलं होतं. मी फुशारकीनं म्हटलं, "हे चार महिन्यांचं हाय. अन् हे वर्षाच्या वरचं. साबणाजवळ ठेवलं होतं तुम्ही हे."

मालक हसला. खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "वा. उद्यापासून या."

निळा शर्ट मिळाला, खिशावर दुकानाचं नाव शिवलेलं. पहिले दोन महिने मी नुसती आवक-जावक लिहिली. पत्र्याचं मोठं गोदाम. आत साबण, अगरबत्ती, उंदराचं औषध, मसाले, सगळ्यांचे वास एकमेकांत मिसळून एक चिकट भिंत झालेली. तरी मला वाटलं, सवय होईल. यवतमाळला खोली घेतली, सुषमा आणि पोरगी तिथंच आल्या. सुषमा पहिल्यांदा गाढ झोपायला लागली. दुपारीसुद्धा झोपायची, तोंड थोडं उघडं टाकून, लहान मुलासारखी. तिला तसं झोपलेलं पाहिलं की मला वाटायचं, बरं केलं.

तिसऱ्या महिन्यात मालकानं मला मागच्या खोलीत नेलं.

दुकानांतून परत आलेला माल तिथं यायचा. तारीख उलटलेला. नियमानं तो नष्ट करायचा असतो. त्या खोलीत तीन बाया पोत्यांवर बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात कापसाचा बोळा, समोर वाटीत थिनर. पुड्यावरची तारीख पुसायची आणि पुढं सरकवायचा. चौथी बाई छोट्या मशीननं नवी तारीख मारत होती. थिनरचा वास असा की डोळ्यांत पाणी यावं. एक बाई माझ्याकडे पाहून हसली आणि पदरानं नाक पुसलं. कापसाचा बोळा. आमच्याच शेतांतला कापूस, आमच्याच जिनिंगमधला.

"यात सगळंच जात नाही," मालक समजावून सांगायला लागला, शिक्षकासारखा. "ज्याला वास सुटला, त्याची बोंब होते. म्हणून तुम्ही. एका खोक्यातला एक पुडा फोडा. हुंगा. जमते, नाही जमत. एवढंच सांगा."

मी म्हटलं, "मालक, हे खराब हाय."

"खराब नाही हो," तो म्हणाला. "फक्त जुनं आहे."

मी तिथून उठून यायला हवं होतं. आलो नाही. त्या संध्याकाळी सुषमानं भरीत केलं होतं, कांद्याची पात घालून. मी तिला काही सांगितलं नाही. जेवलो.

सुरुवातीला मी दहातली सात खोकी नाकारायचो. त्यात मला थोडं समाधान वाटायचं. वाटायचं, मी आहे म्हणून एवढं तरी वाचतं. माणूस स्वतःला काय काय सांगतो. मग मालक एकदा खोलीत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, नाक जरा सैल सोडा." बाया खाली मान घालून हसल्या. मीही हसलो. ते हसू आठवलं की मला माझ्या तोंडाची किळस येते.

सैल सोडलं मी नाक. दहातली पाच. मग तीन. खवट डालड्याचा वास कसा असतो सांगू? जुन्या मेणाचा, बंद पेटीतल्या केसांचा, घाम वाळलेल्या टोपीचा. तो दिवसभर घ्यायचा आणि म्हणायचं, जमते. जमते. जमते. संध्याकाळी तो वास माझ्याच अंगात राहायचा. लिंबाच्या फोडीनं हात घासायचो, मिशा घासायचो. भाताला थिनरचा वास यायचा. एकदा सुषमा डोक्याला तेल लावून शेजारी येऊन बसली आणि मी तोंड फिरवलं.

"काहून?" ती म्हणाली.

"तेल खवट हाय."

"कालच फोडली बाटली." तिनं हात स्वतःच्या नाकाला लावला, पुन्हा पुन्हा हुंगला. मग उठली आणि भर संध्याकाळी डोकं धुऊन आली. ओले केस घेऊन दारात बसली, माझ्यापासून लांब. तेल चांगलं होतं.

उन्हाळ्याच्या आधी एक दिवस माल पोचवणारा माणूस आला नाही आणि मालकानं मला दिनेशसोबत गाडीवर पाठवलं. घाटंजीच्या पुढं, एका खेड्याच्या कडेला मुलींचं वसतिगृह होतं. बिस्किटांची बारा खोकी होती. ती कोणती खोकी होती ते मला माहीत होतं. त्यांवर 'जमते'ची खूण मीच केली होती.

पळसाला फुलं आली होती. रस्ता दोन्ही बाजूंनी पेटल्यासारखा. दिनेश गाणं लावून गाडी चालवत होता. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या दारात एक बाई लसूण निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं, माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"तुमी दिग्रसचे ना?" ती म्हणाली. "भट्टीवाल्या बाबाचे?"

मी ओळखलं नाही.

"मी कमल. नळाजवळची. आमच्या नानकटाईवर खोबरं राहे."

ती उठून उभी राहिली. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच होता, ओट्यावरून ओरडणारा. इथं ती स्वयंपाकाला होती, किती वर्षांपासून ते तिनं सांगितलं, माझ्या लक्षात राहिलं नाही. ती माझ्या आईचं, बाबांचं विचारत होती आणि मी उत्तरं देत होतो. दिनेश खोकी उतरवत होता. तिच्या हातात सुरी होती. माल आला की ती एक खोकं फोडून पाहायची, तशी पद्धत होती. तिनं सुरी टेकवली आणि मग काढून घेतली.

"कायले फोडू?" ती हसली. "भट्टीवाल्या बाबाच्या घरचा माणूस घेऊन आला. चांगलंच असन."

तिनं कागदावर सही केली. मला चहा दिला, सुंठ घातलेला. मी तो प्यालो. कप पुरा प्यालो, तळाशी राहिलेल्या साखरेसकट. गाडीत बसलो. दिनेश म्हणाला, "काय झालं भाऊजी? तोंड काहून असं?"

"काही नाई."

घाटंजी आलं आणि गेलं. मी त्याला गाडी वळवायला सांगितली नाही. किती जागा होत्या वळायला. एक पेट्रोल पंप, एक देऊळ, एक बंद पडलेली शाळा. प्रत्येक ठिकाणी मी मनात म्हटलं, इथं सांगू. गाणं चालू होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. घाटंजीची बस धरली, पुढं ऑटोनं गेलो. कमल त्याच दारात होती. मला पाहून आधी हसली, मग माझं तोंड पाहून थांबली.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. थिनर, तारखा, माझं नाक. शेवटी तिनं एवढंच विचारलं.

"काल काहून नाई बोलले?"

मी आत रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं.

"काल सांजच्याले वाटले मी," ती म्हणाली. "दोन-दोन पुडे. माह्या हातानं."

"कोणाले काही..."

"तिघीचौघींचं पोट दुखलं. म्या म्हटलं, ऊन लागलं असन." तिनं पदर कमरेला खोचला. "एकीच्या तोंडाले चव नाई म्हणे. दुसरी म्हणे, कडू लागून राह्यले. म्या त्या पोट्टीले दटावलं. अन्नाले नाव ठेवू नाई म्हटलं."

मग ती आत गेली आणि फावडं घेऊन आली. माझ्या हातात दिलं. वसतिगृहाच्या मागं, आंब्याच्या झाडापलीकडे, काळी कोरडी जमीन होती, भेगा पडलेली. मी खड्डा खणला. शर्ट ओला झाला. उरलेली खोकी आम्ही दोघांनी ओढत आणली, एकेक पुडा फाडला, बिस्किटं खड्ड्यात ओतली. उन्हात ती तापली आणि त्यांचा वास वर आला, आणि तेव्हा मात्र मी नाक सैल सोडू शकलो नाही. तिथंच बाजूला बसून ओकलो. कमलनं पाणी दिलं नाही. उभी राहिली.

शाळा सुटून मुली आल्या होत्या. वेण्या, रिबिनी, धुळीनं भरलेले पाय. लांबूनच पाहत होत्या. एक लहानशी पुढं आली, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "काका, कायले फेकून राह्यले? चांगले होते. मी तर सगळे खाल्ले."

मला तिच्याकडे पाहवलं नाही. कमलनं तिला हाताला धरून आत नेलं. परत आली तेव्हा मी माती लोटत होतो.

"माह्या मायचं तूप तुमच्या बाबानं एकदा बाजूले ठेवलं होतं," ती म्हणाली. "आमच्या घरी तवा म्हैस आटली होती, जुनंच तूप होतं. त्यायनं त्यायच्याकडचं घातलं. कोणाले कळू नाई देलं. माय मरेस्तोवर सांगत राहे ते." तिनं खड्ड्याकडे पाहिलं. "म्हणून नाई फोडलं म्या खोकं."

मी ऑटोची वाट पाहत फाटकाशी उभा राहिलो. ती आतून बाहेर आली नाही, आणि तेच योग्य होतं.

नोकरी सोडतो म्हणून मालकाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं रुमालानं चष्मा पुसला, म्हणाला, "थकले तुम्ही. सोमवारी या. राग उतरेल." मी बारा खोक्यांचं सांगितलं तेव्हाही त्याचा आवाज चढला नाही. "कुणी मेलं का? नाही ना? मग." मी निघालो तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. एक नवा माणूस बसला होता, तरणाबांड, पुडा नाकाला लावून. जमते, तो म्हणत होता.

मला किळस कशाची आली हे मी पुष्कळदा शोधून पाहिलं. थिनरची, खवट डालड्याची, मालकाच्या स्वच्छ बोटांची, हे खरंच. पण सगळ्यांत जास्त त्या चहाची. सुंठीचा, गोड, पुरा प्यालेला चहा.

सुषमाला मी तेव्हा सगळं सांगितलं. ती रडली नाही. दोन दिवस तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नोकरी सोडली त्याचं काही नाई. एक दिवस गप राह्यले, त्याचं वाईट वाटून राह्यलं." तिची झोप पुन्हा गेली. मी सहा महिने मिळेल ते केलं: लग्नात पोळ्या लाटणाऱ्या बायांना कणीक मळून दिली, एका शाळेच्या फाटकावर बसलो. मग यवतमाळलाच एका बेकरीत नोकरी लागली. मोठी बेकरी, विजेची भट्टी, बटण दाबलं की तापते. धूर नाही, आवाज नाही, भिंतीवर काही चढत नाही. पगार वेळेवर. मालक साधा माणूस, माझ्या वयाचा. मला वाटलं, इथं निभेल आता.

दिग्रसला गेलो त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. गुरुवारचे टोस्ट उरले होते, मऊ पडलेले, ओल लागलेले. मालक आला आणि सहज म्हणाला, "हे पुन्हा एकदा भट्टीतून काढा. कडक होतील. नव्यात मिसळून द्या."

माझ्या हातात ट्रे होता. मी तो टेबलावर ठेवला. कारागीर पाहत होते, काउंटरवर गिऱ्हाईक होतं, एक बाई लहान मुलाला घेऊन उभी. मी म्हटलं, "हे मी करणार नाई. अन् कोणाले करू देणार नाई. बाईंसमोर सांगून राह्यलो."

मालकाचं तोंड लाल झालं. मग जे व्हायचं ते झालं. मी ॲप्रन काढला, घडी घातली. घडी नीट बसली नाही.

घरी आलो तेव्हा अकरा वाजले असतील सकाळचे. सुषमा दारात तांदूळ निवडत होती. इतक्या लवकर आलेला पाहून तिला कळलं. सुपातले खडे बाजूला करत तिनं वर न पाहता विचारलं, "काय झालं?"

मी सांगितलं.

"बोलले?"

"बोललो."

"कवा?"

"तिथंच. लगेच."

तिनं सूप खाली ठेवलं. थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली, बाजारात एखादी वस्तू फिरवून फिरवून पाहावी तशी. मग उठली, हात झटकले आणि म्हणाली, "पाय धुवा. भात टाकतो. आज लवकर जेवू."